पंगत बसायच्या आधी

"नाल्यात कोण राह्यते, मावशी?"

"नाल्यात? भुतं राह्यतात. अजून कोण राह्यन?"

पार्वताबाई हसली आणि सुपातली तूर पाखडत राहिली. गजालाही हसली. टॅबवरच्या नकाशात नाल्याच्या पट्ट्यासमोर एक चौकोन रिकामा होता. तिनं त्यात शून्य टाकलं आणि पुढच्या घरी निघाली.

बोरगव्हाण हे नांदगाव खंडेश्वरकडचं गाव. गावाच्या पूर्वेला उतारावर कंपनीनं चाचणीची बोर खणली होती. जमिनीखाली खोल नैसर्गिक वायू असावा असा अंदाज होता. तो आहे का, किती आहे, हे पाहायचं होतं. बोरच्या खाली नाला; बोर आणि गाव नाल्याच्या अलीकडे, पलीकडे बरड टेकाड. गजालाचं काम त्या वायूशी नव्हतं. वायूसोबत कधी कधी दुसरा एक विषारी वायू वर येतो, त्याच्याशी होतं. तो सुटला तर कुठे जाईल? तिथे कोण असेल? आणि असेल तो माणूस वेळेत निघू शकेल का? या तीन प्रश्नांचा तिला पगार मिळत होता.

गाव तिला गॅसवाली म्हणायचं.

"ओ गॅसवाली ताई, आमचं सिलिंडर कवा येईन? नंबर लावला त महिना झाला!"

"मी सिलिंडरवाली नोहो भाऊ."

"मंग कायची गॅसवाली?"

ती बोलता बोलता समोरच्या माणसाऐवजी त्याच्या मागच्या लिंबाच्या शेंड्याकडे पाहायची. पानं कुठे वळताहेत, हलताहेत का. माणसाला वाटायचं, ही आपलं ऐकतच नाही. अकोल्यात तिचे अब्बा कुर्बान यांचं गाद्या भरायचं दुकान. तिथं पिंजलेला कापूस तरंगायचा, आणि लहानपणी तो कुठून कुठे जातो हे पाहत ती तासन् तास उंबऱ्यात उभी राहायची. रसायनशास्त्र, मग नागपूरला सुरक्षेचा डिप्लोमा, मग गुजरातेत वायूच्या विहिरींवर नोकरी.

गुजरातेत तिच्या पाळीत उजैर नावाचा पोरगा होता. बडबड्या. एका दुपारी एका झडपेतून गळती झाली. सडलेल्या अंड्यांचा वास आला, सगळ्यांनी मास्क चढवले. थोड्या वेळानं उजैरनं मास्क काढला आणि ओरडला, "गेला रे वास!" वास गेला नव्हता. त्या वायूनं नाकच बधिर केलं होतं. तो वायू जास्त झाला की आधी नाक मारतो, मग माणूस. उजैर वाचला, पण आता वाक्याच्या मध्येच थांबतो आणि पुढचा शब्द शोधत बसतो. त्यानंतर गजालाची झोप पातळ झाली. वऱ्हाडात परत आली, अमरावतीला राजापेठेत खोली घेतली, सल्लागार कंपनीत लागली. खाली कोचिंग क्लासची गर्दी, वर ती एकटी, आणि खिडकीत बांधलेला चिंधीचा तुकडा. वारा कळावा म्हणून.

चाचणी पौषातल्या रविवारी ठरली होती. त्याच आठवड्यात ती पार्वताबाईच्या ओसरीवर शेवटची सही घ्यायला गेली तेव्हा म्हातारी म्हणाली, "अव माय, रविवारी जेवाले ये बरं."

"काय आहे रविवारी?"

"रोडगे. साऱ्या गावाचे. पौषात आमच्याकडे एक रविवार असते, लेकीबाळी येतात, नांदगावचे, धामणगावचे पाव्हणे येतात. चारशेक माणूस होते."

"कोणाच्या घरी?"

"घरी कसे होतीन? रोडगे का घरी भाजतात? नाल्यात. मारुतीच्या ओट्यापाशी."

गजालाचा पेन हातात तसाच राहिला.

"मावशी, तुम्ही त म्हणल्या होत्या, नाल्यात कोणी राह्यत नाही."

"मंग? राह्यते कोण? तू राह्यते काय म्हणून इचारलं. जेवते कोण, असं कुठं इचारलं?"

हे खरंच होतं. गजाला उठली, ओसरीवरून उतरली, परत चढली.

"किती वाजता बसता जेवाले?"

"दिवस बुडता बुडता. सकाळपासून कणीक तिंबा, गोवऱ्या पेटवा, निखाऱ्यात रोडगे दाबा, राख झाडा, वांग्याची भाजी, वरण... बसाले संध्याकाळच होते."

दिवस बुडता बुडता. पौषातली हवा. जमीन थंड होते, वारा पडतो, आणि हवेपेक्षा जड असलेलं जे काही असेल ते उतारावरून सरपटत खाली येतं आणि खोलगट जागेत साचतं. नाल्यात.

"मावशी, सायरन वाजला त लोक उठतीन ना पंगतीतून?"

पार्वताबाईनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं लेकरानं भलतंच विचारावं.

"पंगतीतून कोणी उठत नाही, पोरी. एकडाव जयकारा झाला, घास तोंडात गेला, की शेवटच्या माणसाचं होयेपर्यंत कोणी हलत नाही. अन्नाचा अपमान होते, देवाचा होते."

"जिवावर बेतलं तरी?"

"मांगच्या साली मोहोळ उठलं धुरानं. ह्या अशा माशा! महादेवराव म्हणे, बसा. बसले सारे. डोक्यावर पदर, शेले, टोपल्या घेतल्या अन् खालून घास घेत राह्यले. मायावाल्या जावयाचं तोंड एवढं सुजलं," तिनं हातानं भोपळ्याएवढं दाखवलं, "पण तिसरा रोडगा संपवूनच उठला. चांगला जावई भेटला बाप्पा."

साइटवर तंबूत गजेंद्र चहा पीत होता. चाचणीचा प्रमुख तो. अमरावतीचाच, गजालापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा. त्याच्याशी भांडणं सोपं असतं तर बरं झालं असतं. पण माणूस चांगला होता, स्वतः मास्क तपासायचा, कामगारांना ओरडून हेल्मेट घालायला लावायचा.

"नाल्यात चारशे माणूस," गजाला आत शिरता शिरता म्हणाली.

"कधीपासून?"

"रविवारपासून. रविवारीच." तिनं सगळं सांगितलं. बसली नाही. तंबूच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत सांगितलं.

"अगं, तू थांब एका जागी, मला चक्कर येऊन राहिली. हे बघ. सोमवारी चाचणीची टीम दुसऱ्या साइटवर जाणार. सामान त्यांचं, माणसं त्यांची. तारीख बदलायची म्हणजे पुन्हा कधी, ते मलाही माहीत नाही. मी वर विचारतो."

त्यानं समोरच फोन लावला. पलीकडचा आवाज स्पीकरवर आला, शांत, शहरी. लोक तिथे राहत नाहीत ना? मग ती तात्पुरती गर्दी. सायरन आहे, लोक दहा मिनिटांत टेकाडावर जातात असं गृहीत धरा. जोखीम मर्यादेत बसते. पुढे जा.

फोन बंद झाला. गजेंद्रनं खांदे उडवले. "सायरन आहेच ना गं."

"मोहोळ उठलं होतं मागच्या वर्षी," गजाला म्हणाली. "कोणी उठलं नाही. तुझा सायरन चावते का?"

गजेंद्र हसला, मग हसू आवरलं. "वायू विषारीच निघेल असं कुठे आहे? शक्यता किती कमी आहे, तूच काढलीस."

"काढली. आणि मग तिला शून्य माणसांनी गुणलं."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मी काय करू शकतो ते सांग. तारीख सोडून."

"सकाळी लवकर सुरू कर. ऊन असताना, वारा असताना. दुपार कलायच्या आत बोर बंद."

"करतो. पण मशीन आहे बाई, वचन नाही देत."

त्या रात्री अम्मीचा फोन आला. हाजराबींना मुलीच्या आवाजावरूनच कळायचं. "क्या हुआ गे? सांस कायको चढ़ी?"

"चल रही थी, अम्मी."

"कमरे में?"

"हौ."

"कमरे में कित्ता चलेगी? जुम्मे को आई नै, अब्बा राह देख रहे थे. गाँव में क्या चल रहा?" तिनं रोडग्यांचं सांगितलं, पंगतीचं सांगितलं. हाजराबी म्हणाल्या, "हमारे में भी दस्तरख़्वान से कोई पहले उठता क्या? तेरे दादा बैठे रहते तो हम भरे पेट से भी बैठे रहते थे. और वो बिस्मिल्ला नै बोलते तो हाथ लगाने की किसकी हिम्मत थी!" मग अकोल्यातल्या थंडीची, अब्बांच्या गुडघ्याची गोष्ट सुरू झाली. गजाला हौ-हौ करत राहिली. पण चालणं थांबलं होतं.

महादेवराव गावातले सर्वांत वयस्क. जयकारा त्यांचाच. सकाळी ते खळ्यात खाटेवर ऊन घेत बसले होते.

"काकाजी, पंगत टेकाडावर घ्या यंदा."

"देव नाल्यात हाय."

"फक्त यंदा."

"देवाले सांग, चाल बाप्पा वर. थो आला त आमी येतो."

"मग सायरन वाजला तर उठवा लोकांले."

"पंगतीतून?" म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. "पोरी, तू अकोल्याची ना? तुमच्याकडे उठतात काय जेवताना?"

"नाही उठत. तेच तर." गजाला खाटेच्या कडेशी उकिडवी झाली. "एक सांगा. तुमच्या जयकाऱ्याशिवाय कोणी बसते काय?"

"कोणाची बिशाद हाय?"

"मग माणूस बसला की उठत नाही. पण बसलाच नाही तर? उभ्या माणसाले कोणतं बंधन?"

महादेवरावांनी तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात नेली.

"बोर बंद झाली की मी येऊन सांगीन," ती म्हणाली. "तोवर जयकारा देऊ नका. एवढंच. जागा तुमची, देव तुमचा, वेळ फक्त माझ्या हातात द्या."

"लोक भुकेले राह्यतीन."

"राहतील."

"मले शिव्या देतीन."

"मले देतील, काकाजी. मी उभीच राहीन समोर."

म्हाताऱ्यानं सुपारी थुंकली. मग म्हणाला, "एवढं काय हाय त्या गॅसात?"

तिनं उजैरची गोष्ट सांगितली. वायूचं नाव नाही घेतलं. फक्त तो पोरगा, त्याची बडबड, आणि आता वाक्यात मध्येच थांबणं.

"कोणाचं लेकरू थे?" महादेवरावांनी विचारलं.

"भरूचकडचं."

"हं." ते उठले, धोतर झटकलं. "जयकारा माया हाय. मी पाह्यतो."

रविवारी मशीननं वचन पाळलं नाही. सकाळी एक झडप अडकली. ती सुटेपर्यंत दुपार झाली. बोर पेटली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. वर येणारा वायू जाळून टाकणारी ज्योत उंच नळीच्या टोकावर फरफरत होती आणि तिचा घुमा आवाज नाल्यापर्यंत येत होता. गजालानं गजेंद्रला फोन केला. "बंद कर आता."

"आत्ता तर दाब स्थिर झाला. थोडा वेळ दे. आत्ता बंद केलं तर सगळंच वाया."

"किती थोडा?"

"थोडा गं!"

नाल्यात निखारे लाल झाले होते. बायका राखेतून रोडगे काढून झाडत होत्या. वांग्याच्या भाजीचा वास सुटला होता. पळसाच्या पत्रावळी ओळीनं मांडल्या गेल्या होत्या. पाहुणे ओट्याभोवती उभे, पोट्टे पाण्यात दगड मारत. गजाला मध्ये फिरत होती. छातीवर वायू मोजायचं यंत्र, पाठीवर हवेची नळकांडी.

"आलं रे सिलिंडर, आलं!" कोणीतरी ओरडलं. हशा.

"ताई, गॅस राहू दे, वाढाले सांग!"

"काकाजी, जयकारा द्या ना! थंडे होऊन राह्यले रोडगे!"

पार्वताबाईचा जावई, तोच मोहोळवाला, म्हणाला, "यंदा माशा नाहीत त ही हाय."

महादेवराव ओट्यावर काठी टेकून उभे होते. दर थोड्या वेळानं ते गजालाकडे पाहत होते, आणि त्या नजरेत आता राग साचत होता. एक म्हातारा येऊन त्यांच्या कानात म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "अकोल्याची पोरगी सांगन अन् बोरगव्हाण उभं राहीन?"

महादेवरावांनी काठी उचलली. तोंड उघडलं. गजाला त्यांच्यासमोर गेली आणि हात जोडले. दुसरं काही सुचलंच नाही. "काकाजी, नका."

लिंबाची पानं हलायची थांबली होती. निखाऱ्यांचा धूर आता वर जात नव्हता, कमरेएवढ्या उंचीवर आडवा पसरत होता.

तेवढ्यात तो घुमा आवाज बंद झाला.

सगळ्यांच्या आधी गजालानं मान वर केली. नळीच्या टोकावर ज्योत नव्हती. म्हणजे वायू निघतो आहे आणि जळत नाही. मग सायरन सुरू झाला. पंगतीच्या जागी उभे असलेले लोक सायरनकडे नाही, महादेवरावांकडे वळले.

"काकाजी!"

"चला रे वर!" म्हाताऱ्याचा आवाज फुटला, पण मोठा निघाला. "टेकाडावर! बाया अगोदर! चाल रे, उभा काय राह्यला, बसला होता काय तू?"

लोक चढले. कुरकुरत, शिव्या देत, एकमेकांना ढकलत, पण चढले. कोणी तुपाचा डबा घेतला, दोघांनी वरणाचं गंज कानांना धरून उचललं. पार्वताबाई परत फिरली.

"मावशी, कुठं?"

"माही पळी राह्यली!"

"राहू द्या पळी!"

"पितळेची हाय!"

जावयानं सासूला दंडाला धरून वर ओढलं. ती पूर्ण वाटेत त्याला बोलत राहिली.

गजालानं मास्क चढवला आणि खाली थांबली. ओट्यामागे कोणी राहिलं नाही ना, हे पाहत गेली. यंत्रानं चिवचिवायला सुरुवात केली. आकडा चढला. थांबला. पुन्हा चढला, आणि यंत्राचाच दुसरा, मोठा भोंगा वाजला. मास्कच्या आत तिचा स्वतःचा श्वास तिला कानात ऐकू येत होता. रिकाम्या पत्रावळी ओळीनं पडलेल्या. त्यांच्यामधून ती चालत होती. मग फोन थरथरला. गजेंद्र म्हणत होता, "बंद केली. पूर्ण बंद. गजाला, ऐकतेस ना? बंद केली!"

आकडा तसाच राहिला बराच वेळ. मग उतरू लागला.

बोर बंद झाली नसती तर आकडा कुठवर गेला असता, हे तिला माहीत नव्हतं. कदाचित कुठंच नाही. त्या आकड्यानं डोळे चुरचुरले असते, डोकं दुखलं असतं. त्याच्या दुप्पट असता तर? चौपट? तिनं हिशेब सुरू केला आणि अर्ध्यावर सोडला.

यंत्र शून्यावर आलं. गजालानं नाला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालून पाहिला, खड्ड्यांत वाकून पाहिलं, मगच टेकाडावर जाऊन सांगितलं. गजेंद्रही धावत आला होता, तोंड पांढरं पडलेलं. महादेवरावांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"तूच काय रे बोरवाला?"

"हो, काकाजी."

"माणसं मारतो काय?"

गजेंद्रनं मान खाली घातली. "परत पेटवणार नाही. अहवाल पुन्हा होईपर्यंत तर नाहीच."

"मंग जेवून जा," महादेवराव म्हणाले, आणि खाली उतरू लागले.

काही लोक खाली यायला तयार नव्हते. इथंच वाढा म्हणाले. म्हातारा थांबला नाही. शेवटी सगळेच उतरले. रोडगे गार झाले होते, पण निखाऱ्यात परत दाबता येत होते. बायकांनी ते दाबले. पंगत मांडली. पार्वताबाईनं पितळी पळी पदरानं पुसली आणि वरणात घातली. गजेंद्रला जावयाशेजारी जागा मिळाली.

महादेवराव ओट्यावर चढले. जयकाऱ्यासाठी श्वास घेतला आणि सोडून दिला.

"ही काहून उभी हाय?"

गजाला पंगतीच्या टोकाला, बोरच्या बाजूला उभी होती.

"बस ना पोरी. तुह्यासाठीच थांबलो होतो."

"तुम्ही बसा, काकाजी. सुरू करा."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर एक वेगळीच छाया आली. आवाज खाली गेला. "आमच्या पंगतीत जेवत नाई काय तू?"

चारशे माणसं तिच्याकडे पाहू लागली. "तसं नाही हो. जेवीन ना. तीन रोडगे खाईन." ती एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली. "पण बोर आजच बंद झाली. मी बसले, अन् पहिला घास घेतला, तर मग मले उठता नाही येणार."

जावयानं पत्रावळीवरची काडी उचलून बाजूला टाकली.

महादेवराव तिच्याकडे पाहत राहिले. मग वाढणाऱ्या पोरांकडे वळले.

"हिले उभ्यानं वाढा," ते म्हणाले. "तूप जास्त घाला." आणि मान मागे टाकून, साऱ्या नाल्यात घुमेल असा, जयकारा दिला.